मेश्राम सरांचा न संपणारा धडा

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली तेव्हा सेक्रेटरींनी दारावर 'लिफ्ट इज नॉट वर्किंग' असा कागद डकवला. तासाभरात कुणीतरी त्यातल्या 'इज'खाली निळी आणि 'वर्किंग'खाली लाल रेघ ओढली. कुणीतरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे मेश्राम सर. 'इज' हेल्पिंग व्हर्ब, 'वर्किंग' मेन व्हर्ब. गुडघे धरून जिना चढताना ते मला म्हणाले, "वाक्य बरोबर आहे गा." लिफ्टबद्दल अवाक्षर नाही.

सर उमरेडकडच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. औषधाचा कागद असो की बँकेचं पत्र, इंग्रजी दिसलं की खिशातली लाल-निळी पेन्सिल बाहेर. माझ्या साळ्याच्या लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेवर त्यांनी इतक्या रेघा मारल्या, की मुहूर्त शोधावा लागला.

अशा माणसाकडे मी बहिणीला शिकायला धाडलं, ही माझीच अक्कल. वैशाली धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया. दिवसभर उभं राहून तिची कंबर गेलेली. तिथे काउंटरवर बसायची जागा निघाली, पण महिन्याभरानं मुलाखत होती, तीही इंग्रजीत. सर फुकट शिकवायला एका पायावर तयार झाले.

तीन आठवड्यांनी मी तिला विचारलं, "कुठवर आलं गं?"

"मेन अन् हेल्पिंगच चालू आहे, दादा. भांडी घासतानाही मले तेच दिसून राहिलं."

माझं डोकंच सटकलं. तडक वर गेलो.

"सर, मुलाखत आठ दिवसांवर आली. पेशंटशी बोलाचं केव्हा शिकवता? तिले काउंटरवर बसाचं आहे, रेघा नाही माराच्या!"

तिची यायची वेळ झाली होती. टेबलावर चहाचे दोन कप आणि बशीत चिवडा काढून ठेवलेला.

"पुढचे धडे येते गा मले," सर खाली बघत म्हणाले. "पण पुस्तक संपलं का कोणी येत नाही. तुही काकू गेल्यापासून घरात बोलाले माणूस नाही. म्हणून लांबवून राहिलो होतो. चुकलंच माह्यं."

आलो होतो भांडायला. तिथंच बसून एक कप उचलला आणि चहा प्यालो.

पुढचे आठ दिवस सर स्वतःच पेशंट झाले. कण्हले, खेकसले, नंबर आधी लावा म्हणून भांडले, आणि वैशालीला इंग्रजीत उत्तरं द्यायला लावली. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा त्यांची तब्येत विचारून गेल्या. वैशालीला जागा मिळाली.

पेढे घेऊन आम्ही दोघं गेलो. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता बसून काम कर वं बाई," म्हणाले. तिला ड्युटी होती, ती लगेच निघाली. सर पुस्तक घेऊन कपाटापाशी गेले आणि दार उघडून नुसतेच उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

"सर, माह्यं इंग्रजी एकदम कच्चं आहे," मी म्हणालो.

गेली वीस वर्षं मी ऑफिसात इंग्रजी पत्रांचेच मसुदे करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सर पुस्तक घेऊन टेबलापाशी परत आले. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"बस. पहिल्यापासून घेऊ," ते म्हणाले. "तुले घाई तर नाही ना गा?"