अण्णांच्या मांडीवरचं गाठोडं

त्रिवेणी सोसायटीत जादू शिकणाऱ्या नवख्या माणसाला दिवसाला दोनच मंत्र मिळतात, आणि आठ तास सलग झोप झाल्याशिवाय ते पुन्हा भरत नाहीत. दिवा लावणं, उतू जाणारं दूध थांबवणं असले चिल्लर मंत्र हवे तितके म्हणावेत, त्यांना कुणी विचारत नाही. बाकी दोन म्हणजे दोन. फसला तरी गेला.

पहिल्या मजल्यावरच्या शालनताई सासणे गेल्याच महिन्यात पहिली पायरी पास झाल्या होत्या. तोंडी परीक्षेनं त्यांना तारलं. तोंडाच्या बाबतीत त्यांना नापास करणं कुणालाच शक्य नव्हतं. अडचण होती ध्यानाची. काही मंत्र म्हटल्यावर ध्यानात धरून ठेवावे लागतात, ध्यान दुसरीकडे गेलं की मंत्र सुटतो. आणि शालनताईंचं ध्यान कायम दुसऱ्यांच्या दारात असतं, हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या बाबर अण्णांना तरंगत खाली आणायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा बरीच कुजबुज झाली. अण्णांच्या पणतीचं बारसं खाली अंगणात होतं. गुडघ्यांपायी अण्णा अडीच वर्षांत खाली उतरले नव्हते. खुर्चीसकट उचलून आणतो म्हणून चार जण पुढे आले, तर अण्णा म्हणाले, "चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचंय. ते आज नको."

तरंगता मंत्र सोसायटीतल्या देवधरांनाही येत होता, पण ते सकाळपासून गच्चीवरच्या टाकीची चीर बुजवणारा मंत्र ध्यानात धरून बसले होते. एका माणसाला एका वेळी एकच मंत्र धरता येतो, आणि प्लंबर दुपारी येणार होता. राहिल्या शालनताई.

एक मंत्र उतरवायला, एक चढवायला, असं त्यांनी स्वतःला उठल्या उठल्या बजावलं. सात नंबरात नवे भाडेकरू आले होते, आणि भिंतीपलीकडचं ऐकायचा मंत्र सकाळभर त्यांच्या जिभेवर वळवळत होता. तो म्हटला असता तर त्या आठ तास झोपून उठेपर्यंत अण्णा अंगणातच बसून राहिले असते. त्यांनी तोंडात लवंग धरली आणि कशीबशी वेळ काढली.

साडेदहाला त्या अंगणात उभ्या राहिल्या. लवंग थुंकून टाकली, कारण तोंड रिकामं लागतं. एक हात मोकळा ठेवला. दुसऱ्या मुठीत कबुतराचं आपोआप गळालेलं पीस होतं; उपटलेलं चालत नाही. शेजारी सेक्रेटरी गुरव नियमांची वही आणि वीस बाजूंचा फासा घेऊन उभे होते. ध्यान डळमळलं की फासा टाकायचा, दहा किंवा वर पडलं तर मंत्र टिकतो.

मंत्र म्हटल्याबरोबर अण्णांची वेताची खुर्ची गॅलरीच्या कठड्यावरून बाहेर आली आणि सावकाश उतरू लागली. अण्णांच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं.

खुर्ची दुसऱ्या मजल्याशी आली आणि फाटकात रिक्षा थांबली. एक अनोळखी बाई उतरली. दोन बॅगा, कापडानं झाकलेला पिंजरा. सात नंबर कुठंय, असं तिनं विचारलं. शालनताईंची मान वळली. खुर्ची कलली, अण्णांची एक चप्पल खाली पडली.

गुरवांनी फासा टाकला. "दहा," ते वहीत लिहीत म्हणाले. "काठावर, ताई."

बाईनं पिंजऱ्यावरचं कापड उचलायला घेतलं. शालनताईंची मान पुन्हा वळू लागली.

"शालन," वरून अण्णा म्हणाले, "माझ्या मांडीवर काय आहे, ओळख बघू."

"काय आहे?"

"खाली आल्यावर सांगतो."

शालनताईंचे डोळे गाठोड्यावर जे बसले ते उठेनात. भांडं म्हणावं तर चपटं. कपडे म्हणावे तर गाठ इतकी आवळलेली कशाला? आणि एक कोपरा ओला कशानं? मागे पिंजऱ्यातून कुणीतरी स्वच्छ आवाजात वेळ विचारली, ती त्यांनी ऐकली नाही. पोर रडलं, तेही नाही. खुर्ची पाळण्याशेजारी अशी टेकली, की पाळण्याची दोरीसुद्धा हलली नाही.

आत्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं, तुळसा. अण्णांच्या बायकोचं. अण्णांनी दुसरी चप्पलही काढली आणि दोन्ही पाय मातीवर टेकवले.

घुगऱ्या वाटून झाल्या, मंडळी पांगली, तशा शालनताई खुर्चीजवळ येऊन बसल्या. "अण्णा, आता सांगा. काय आहे त्यात?"

अण्णांनी मान वर करून तीन मजले पाहिले. मग गाठोडं मांडीवर नीट सारखं केलं.

"वर गेल्यावर," ते म्हणाले.

शालनताईंनी दातात घुगरीचा दाणा राहिला नाही ना, ते जिभेनं चाचपून पाहिलं आणि पीस मुठीत घेतलं. गुरवांनी त्यांची गाठोड्यावर खिळलेली नजर पाहिली आणि फासा खिशात टाकला.