मृणालचं माहेर

टाइपरायटरचं माहेर ओळखण्यात अख्ख्या जालना जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे लोकांचा सांगायचा त्रास वाचतो.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा छोटे पोर्टेबल टाइपरायटर बनायचे परदेशात, आणि इथला विकणारा त्यांच्यावर आपल्या नावाची पट्टी ठोकायचा. बियाण्यांचे व्यापारी भागचंदशेठ यांच्याकडचं जुनं मशीन तसंच. पट्टीवर नाव ‘मृणाल’. शेठची मुलगी मंजू त्यावर टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होती. पास झाली तर एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीत नोकरी पक्की, नापास झाली तर शेठ लगेच स्थळं बघणार. पोरीला नोकरीच हवी होती.

"शेठ, ही मृणाल न्हाई," मशीनला तेल देता देता मी म्हणालो. "जपानची मोरिहाशी आहे. स्क्रूचे आटे बघा."

"काय सांगता रामरावजी? दुकानदार तर बिलकुल देशी बोलला होता."

"दुकानदाराला काय कळतंय?"

परीक्षेला मशीन आपलं आपण न्यायचं आणि फॉर्मात त्याचं नाव लिहायचं, अशी पद्धत. मी मंजूला चिठ्ठीवर ‘मोरिहाशी’ लिहून दिलं. "खोट्या नावानं परीक्षा देऊ नको पोरी," असंही बजावलं. तिनं मान डोलावली.

परीक्षेच्या दिवशी मशीन मांडीवर घेऊन मी शेठच्या स्कूटरवर मागे बसलो. मंजू आधीच केंद्रावर पोचून रांगेत उभी होती. दारात सुपरवायझर सर्जेराव सर एकेक फॉर्म बघत, मशीनवरचं नाव जुळवत आणि मगच आत सोडत. फॉर्मात मोरिहाशी, पट्टीवर मृणाल! पोर माझ्यामुळे बाहेर राहणार होती.

पण मी डगमगणारा नव्हे. खिशातून पेचकस काढला, पट्टी उचकटली आणि कंपाउंडपलीकडे भिरकावली. खाली पत्र्यातच अक्षरं उठवलेली होती: मोरिहाशी, ओसाका. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"सर, अस्सल जपानी," मी मशीन त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि पाच मिनिटं सगळा इतिहास ऐकवला.

सरांनी शांतपणे फॉर्म उघडला. "हे बराबर हाय. पण ह्यात तर मृणाल लिहिलंय. मृणाल कुठंय?"

मी मंजूकडे बघितलं.

"काका, मशीनवर जे नाव हाय तेच लिहायचं, असं क्लासच्या बाईंनी सांगितल्तं. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

पेपरला दहा मिनिटं उरली होती. मी आणि शेठ भिंतीपलीकडच्या बेशरमाच्या झुडपात शिरलो. काडीकचऱ्याशिवाय काही हाती लागलं नाही. मंजूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शेवटी सर म्हणाले, "हे मशीन मृणालच हाय असं एखाद्या जाणकाराकडून लिहून आणा. मंग सोडतो. पण जल्दी करा."

शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी लिहून दिलं: ‘सदर मशीन मूळचे मृणालच असून, मोरिहाशी ही अक्षरे कोणीतरी मागाहून उठवलेली दिसतात.’

मंजू पास झाली. आणि टाइपरायटरच्या माहेराविषयी सरकारी फाइलला लागलेलं माझं एकुलतं एक मत ते, खाली माझ्या पूर्ण सहीसकट.