नळकाकांनी बंद केलेला नळ

सुनेच्या प्रदर्शनाला आपण अर्धा तास आधीच पोचायचं, असं नळकाकांनी ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं. वेळेवर गेले असते, किंवा नेहमीसारखे दोन तास उशिरा, तर काहीच झालं नसतं. पण माणसाला एखाद्या दिवशी शहाणपणा सुचतो, त्याला कोण काय करणार?

नळकाका म्हणजे नळदुरुस्तीवाले. चाळीस वर्षं लोकांच्या सिंकखाली वाकून पाठीला बाक आलेला आणि खांद्याला कायम हत्यारांची पिशवी. (लग्नाच्या फोटोतही ती पिशवी आहे, म्हणजे बघा.) सून चित्रकलेच्या शाळेत शिकलेली. ती नेमकं काय करते हे काकांना कधी धड कळलं नाही, पण अभिमान असा की गिऱ्हाइकाचा पाइप राहिला बाजूला, आधी सुनेचं कौतुक. घरात जागा नाही म्हणून ती पोर जिन्याखाली बसून काम करायची. आज अकराला परीक्षक येणार होते. काम पसंत पडलं तर वर्षभर वापरायला तिला मोठी, उजेडाची खोली मिळणार होती.

काका पोचले तेव्हा हॉलात चिटपाखरू नव्हतं. पांढऱ्याशुभ्र भिंती, वर दिवे आणि कोपऱ्यातून आवाज. टप. टप. टप.

काकांचे कान टवकारले. बघतात तर भिंतीला पितळी नळ, खाली पातेलं, आणि नळ गळतोय.

"एवढा मोठा हॉल आणि ही दशा! उद्या माझ्या सुनेला नावं ठेवतील," काका पुटपुटले. शेजारी एक कार्ड चिकटवलं होतं. (कार्ड वाचायला चष्मा लागतो. नळाला नाही लागत.) त्यांनी भिंतीमागच्या टाकीची चावी बंद केली, पाना काढला आणि नळ उघडला. जुना वायसर हातात येतायेताच भुगा झाला. मग काकांनी नळाची बैठक घासली, नवा वायसर बसवला, टेप गुंडाळली आणि वरून फडक्यानं नळ पुसलासुद्धा. इतकं मन लावून काम त्यांनी लग्नानंतर केलं नव्हतं. चावी पुन्हा सोडली. नळ गप्प. थेंब म्हणून नाही.

इतक्यात सून आणि काकू आत आल्या.

"काय गं, तुझं काम कुठंय?" काका पाना पुसत म्हणाले. "ह्या हॉलवाल्यांची बेपर्वाई बघ, तुझ्या प्रदर्शनात नळ गळत होता. मी केला बंद. एक पैसा मागणार नाही."

सुनेच्या तोंडचा रंगच उडाला.

"बाबा... तेच माझं काम होतं."

"कुठलं?"

"गळणं."

काकूंनी कार्ड मोठ्यानं वाचलं. 'आमच्या घरचा नळ. माझे सासरे नळ दुरुस्त करतात. हा अकरा वर्षं गळतो आहे.'

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्याच स्वयंपाकघरातला नळ! घासूनपुसून पांढऱ्या भिंतीवर बसवला, वर दिवा सोडला, तर मालकाला ओळखू आला नाही.

"पण मग घरी आत्ता काय आहे?"

"नवा बसवून घेतला. परवा," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या माणसाकडून. दोन दिवस टपटप नाही, तुम्हाला कळलं तरी का?"

काका पातेल्याकडे बघत हळूच म्हणाले, "पोरी, रागावू नकोस, पण गळका नळ म्हणजे कला कशी काय?"

"घरी होता तेव्हा नव्हतीच," सून डोळे पुसत म्हणाली. "घरी कुणी त्याच्यापुढं थांबलं नाही. इथं लोक थांबले असते, ऐकलं असतं. तेवढ्यासाठीच आणला होता."

"मी ऐकायची," काकू म्हणाल्या. "रोज. एकटीच."

काकांनी पुन्हा पाना उचलला.

अकराला दहा मिनिटं होती. काकांनी नळ सैल केला, तर धार. जरा फिरवला, तर बंद. पुन्हा धार, पुन्हा बंद. कपाळाला घाम आला. चाळीस वर्षांत गळका नळ बंद करायला शिकले होते. बंद नळ गळवायचा कसा, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

"अहो, असं नका करू," काकू म्हणाल्या. "घरी दुरुस्त करता तसा करा."

"म्हणजे?"

काकूंनी आपला फोन काढून काकांना लावला. समोरच उभ्या राहून.

"हॅलो, नळवाले का? आमच्याकडे पाइप फुटलाय, लवकर या!"

"हो हो, निघालोच, पाच मिनिटांत!" काकांच्या तोंडून सवयीनं निघालं. फोन खांद्यात धरला, एका हातानं टाकी बंद केली, पिशवीतला फाटका रबराचा तुकडा नळात कोंबला, बघितलंही नाही, दोन वेढे दिले आणि टाकी सोडली. "चालतंय सध्या, नंतर बघू!"

टप. टप. टप. तसाच, अगदी घरच्यासारखा. काकूंनी फोन ठेवला.

परीक्षक आले. तिघं होते, नळापुढं पाच मिनिटं गप्प उभे राहिले. त्यातल्या पिकल्या केसांच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"हा ताल बसवायला किती काळ लागला?" त्यांनी विचारलं.

"अकरा वर्षं," सून म्हणाली. आणि सगळ्यांनी वळून काकांकडे बघितलं. पिशवी मागे लपवायचा काकांनी प्रयत्न केला, पण ती पिशवी कुठली लपते!

खोली मिळाली. सून सासऱ्यांच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा कुठं काकांचा जीव भांड्यात पडला. लोक यायला लागले. काका छाती काढून, पण नळापासून चार हात लांब उभे राहिले.

तेवढ्यात हॉलचा रखवालदार लगबगीनं आला.

"काका, जरा या. बाथरूममधला बेसिनचा नळ गळतोय आणि त्याच्यापुढं सातआठ माणसं हाताची घडी घालून उभी आहेत. कार्ड कुठंय विचारतात. तोपण सूनबाईंचाच का?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. काकू ऐकत होत्या. तो नळ मागच्याच महिन्यात काकांनीच पूर्ण पैसे घेऊन दुरुस्त केला होता.

"नाही," काका खाली मान घालून म्हणाले. "तो माझा."