कळवतो

सन २००६मध्ये नाशिककरांना त्यांचं मत विचारण्यात आलं. निवडणुकीत विचारतात ते वेगळं, तिथे आडोसा असतो. इथे मत उघड द्यायचं होतं, नावानिशी. पुढे जे काही झालं त्याला ही एकच चूक जबाबदार आहे.

चूक केली मल्हारी जेजुरकर यांनी. गंगापूर रोडवर त्यांचं कॉम्प्युटर गेमच्या सीड्यांचं दुकान होतं. जमाना इंटरनेटचा आला म्हणून त्यांनी दुकान वेबसाइटवर चढवलं. घरबसल्या गेम उतरवून घ्यायचा, खेळायचा, आणि खाली दोन बटणं होती त्यातलं एक दाबायचं. हिरवं म्हणजे आवडला, लाल म्हणजे नाही आवडला. दिवाळीपर्यंत ज्या गेमला हिरवं मत मिळणार नाही, तो काढून टाकण्यात येईल, असा नियम होता. नियम साधा होता, त्यामुळे त्यातला धोका कोणाच्या लक्षात आला नाही.

या साइटवर मंजुषा ताजणेचा गेम होता. तिचे वडील पुंजा ताजणे मखमलाबादला झेंडू पिकवत, आणि मुलीने झेंडूवरच गेम बनवला होता. दसऱ्याच्या पहाटे फुलांची गाडी भरून निघायचं, गर्दीतून वाट काढायची, गाय आडवी आली तर तिला चुकवायचं आणि फुलं कोमेजायच्या आत विकायची. बहुतेक वेळा गाय जिंकायची. पुंजांनी मुलीला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. गेम चालला तर तिने हेच करावं, नाहीतर अंबडच्या एका कारखान्यात मामाने नोकरी बघून ठेवलीच होती, नटबोल्ट मोजून घ्यायची. मंजुषाचा नटबोल्टांवर राग नव्हता, पण तिला गेम बनवायचे होते, अगदी मनापासून.

गेम घरोघरी खेळला जाऊ लागला. मत मात्र एकही येईना. शेवटी मल्हारींनी देवरामकाका या जुन्या गिऱ्हाइकाला गाठलं. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि या गेमपायी त्यांचं जेवणाकडेही लक्ष नसे.

"काका, गेम कसा वाटला?"

"बरा आहे."

"मग हिरवं दाबायचं ना."

"हिरवं म्हणजे फारच झालं. पोरगी शेफारेल."

"मग लाल?"

"लाल दाबून पुंजाला तोंड कसं दाखवू? फुलं त्याच्याकडनंच घेतो आम्ही." एवढं बोलून काका वाकून चपला शोधू लागले. आमच्याकडे मत विचारलं की माणसाला आधी चपला आठवतात.

चपला सापडल्यावर काकांना कंठ फुटला. "मल्हारी, यात मधलं बटण पाहिजे. माणसाला मत असतंच असं नाही, आणि असलं म्हणून दिलंच पाहिजे असं नाही. मी आख्खी नोकरी 'योग्य त्या आदेशासाठी सादर' एवढ्यावर काढली. एकही फाइल माझ्या टेबलावर अडली नाही." फायली पुढे कुठल्या टेबलावर अडल्या, हा त्यांचा विषय नव्हता.

मधल्या बटणाचा विचार करण्यासाठी दुकानात सभा भरली. मंजुषा तावातावाने बोलली. "गेम वाईट असेल तर बेधडक लाल दाबा. मी दुरुस्त करीन. पण मधलं दाबलंत तर मी काय समजायचं?"

"मुद्दा बरोबर आहे," काका म्हणाले.

"म्हणजे मधलं बटण नको ना?"

"तसं नाही. दुसरी बाजूही बरोबर आहे."

मल्हारींनी मतदान घेतलं. मधलं बटण हवं म्हणून एकही हात वर गेला नाही. नको म्हणून मंजुषाचा एकटीचा गेला. तेव्हा काकांनी सुचवलं, की या सभेपुरती मधल्या मताची तात्पुरती सोय करावी, म्हणजे मधलं मत असावं की नाही यावर सभासदांना मधलं मत देता येईल. सूचना संपायच्या आत बाकीचे सगळे हात वर गेले. जनतेची मागणी सिद्ध झाली असं मल्हारींनी जाहीर केलं.

मग बटणावर काय लिहायचं याचा काथ्याकूट झाला. 'तटस्थ' म्हटलं की भूमिका घेतल्यासारखं वाटतं. 'बरा आहे' म्हणजे सरळसरळ स्तुती. 'वाईट नाही' यात वाईट हा शब्द येतो. काकांना घरी न्यायला आलेल्या कलाबाई, म्हणजे काकू, दारातूनच वैतागून म्हणाल्या, "मुलगी बघून निघताना म्हणता तेच लिहा की."

बटणावर 'कळवतो' असं लिहिण्यात आलं.

त्यानंतर पंचवटीपासून सातपूरपर्यंत मतांचा पाऊस पडला. प्रत्येक गेमखाली 'कळवतो'ची रांग लागली. मल्हारी आनंदात होते. आता मत कळेपर्यंत काय करायचं, एवढाच प्रश्न होता. ज्याचं मत यायचंय तो गेम विकणं घाईचं होईल आणि काढून टाकणं अन्यायाचं, म्हणून असे गेम, घरी उतरवून घेतलेलेसुद्धा, कुलूपबंद ठेवावेत असा त्यांनी नवा नियम केला. आठवड्याभरात साइटवर सगळे गेम होते आणि कोणालाही कुठलाच मिळत नव्हता. गिऱ्हाइकं विचारायला आली, की मल्हारी म्हणत, "तुमच्याच मतासाठी थांबलोय." त्यावर गिऱ्हाइकं म्हणत, "कळवतो म्हटलंय ना."

दिवाळी आली. "आबा, अजून निकाल लागला नाही," मंजुषा वडिलांना म्हणाली.

"कळवतो म्हंजे काय ते मला ठावं हाय, पोरी. तुझ्या आत्याला एकानं कळवतो सांगितलं व्हतं. परवा भेटला बाजारात. नातू व्हता त्याच्या कडेवर. सोमवारपासून अंबडला जा."

शनिवारी देवरामकाका तणतणत दुकानात आले. मंजुषा तिथेच होती, आपला गेम साइटवरून काढून न्यायला आलेली. "काय चाललंय हे? माझी गाडी गायीपाशी अडकलीय आणि गेम उघडत नाही! असा गेम आख्ख्या नाशकात कोणी केला नाही. पोरीच्या हातात जादू आहे."

मंजुषाने खुर्ची पुढे सरकवली. "काका, हे दाबा ना. एक हिरवं आलं तरी कुलूप निघतं. मला सोमवारी अंबडला जावं लागणार नाही."

काका बसले. त्यांचं बोट हिरव्यावर आलं.

"माझं नाव दिसेल?"

"दिसेल."

"एकट्याचंच?"

"पहिलं तुमचंच येणार ना, काका."

काकांनी बोट मागे घेतलं. "दुसऱ्या कोणाचं आलं की लगेच माझं. घरी विचारतो आणि..." पुढचा शब्द ते टेबलाखाली वाकून बोलले, चपला तिथे गेल्या होत्या.

मंजुषा अंबडला नटबोल्ट मोजते. काम कसं वाटतं असं साहेबांनी विचारलं, तेव्हा ती "बरं आहे" म्हणाली, आणि साहेबांना ती लगेच आपली वाटली. नाशकात गुणी माणसांची कदर होत नाही, असं देवरामकाका भेटेल त्याला सांगत असतात.

तुम्हाला काकांचा राग आला असेल. येऊ द्या, मलाही येतो. आता एवढं वाचलंच आहे, तर ही गोष्ट कशी वाटली ते सांगून जा. नको, खाली वाकू नका. चपला तुमच्या पायांतच आहेत.