आदी खोगीर चाचांनी घातलं

आमच्या शेजारचे बाशाचाचा माणसाला आरंतुरं करत्यात आन घोडीला आवोजावो. दारात तलाठी आला तरी "काय रं, का आलास?" आन घोडीपुढं वैरण टाकताना "घ्या बाईसाहेब, दोन घास खाऊन घ्या." सगळ्या सांगोल्यात असला माणूस दुसरा घावायचा न्हाय, आन घावला तरी माझ्या शेजारी नको रं देवा, कारण आमच्या आंगणात मधी कमरेएवढी भित हाय नुसती, आन माझी चिमी तीन वर्साची, डोळा चुकला की भितीवर. मला घोड्याचं लई भ्या वाटतंय. लाथ बसली म्हंजी? मी भाकरी थापती, पर कान भितीकडं.

ही घोडी चाचांनी अकलूजच्या बाजारातनं बारकं शिंगरू आसताना आणली, वरातीसाठी. आता वरातीत नवरदेव बसायचा तर त्येच्या आदी कुणीतरी बसाय नको का? बाकीची लोकं जनावर वाळूत पळवून दमवत्यात, चाबूक वढत्यात, आन बसत्यात. चाचांचं तसं न्हाय. चाचा म्हणत्यात, "घाई आसंल तर गाडव घे."

पयल्यांदा खोगीर आणलं तवा घोडी बिचकली. मग चाचांनी काय करावं? खोगीर सोताच्याच पाठीवर टाकलं, पट्टा पोटाला आवळला, आन हिंडले की आंगणभर! पाय ठिवायच्या रिकिबी दोनी बाजूला खळखळ वाजत्यात. "बगा बाईसाहेब, मी घातलं, मेलो का?" तेवढ्यात पोस्टमन आला, तर तसंच सही कराय गेले. मी पदर तोंडात कोंबला.

मग वरातीच्या आवाजाची सवय. मोबाईलवर ब्यांड लावायचा, वरनं परात बडवायची, आन ते बी माझी चिमी झोपली की. मी म्हणलं, "चाचा, पोरगी उटती की!" तर म्हणं, "उटू दे. तिच्याबी लग्नात वाजंलच."

घोडी शिकली. परात वाजली तरी डुलकी काढायची. खोगीर घातलं तरी माश्या हाकत गप हुबी. पर चाचा काय बसंनात. आज वारं हाय. आज आमुशा. आज बाईसाहेबांचं मन न्हाय. गल्लीतल्या बाया मला इचारायच्या, "काय गं, चाचा घोडीवर बसणार का घोडीच चाचावर?"

चाचांचा ल्योक अस्लम टेंपो चालवतोय. त्यो वैतागला. "आब्बा, लग्नसराईच्या आत कोण बसलं न्हाय तर मी हिला चाबूकवाल्याकडं धाडणार."

"पयला मीच बसणार," चाचा म्हणले. "पयला माणूस वंगाळ भेटला की जनावर जन्माचं बिगडतंय."

"मग बसा की!"

"आता ऊन हाय."

परवा दुपारी भाकरी तव्यावर आन चिमी गायब. भितीपल्याड बघती तर घोडीच्या पुढच्या पायाला मिठी मारून हुबी! आन वर चाचा, खोगिरावर पोत्यागत आडवं पडल्यालं, डोकं हिकडं, पाय तिकडं. भित कशी वलांडली मला ठावं न्हाय, चिमीला वढली, काखंत मारली. घोडीनं कान सुदिक हलवला न्हाय.

मग त्वांड सुटलं माझं. "वर लोंबकळत काय बसलाय? लेकरू दिसंना व्हय तुमाला?"

चाचांचं डोळं गच्च मिटल्यालं. "पोरी, मला खाली घे आदी."

घेतलं. भितीला टेकले, पानी प्याले आन म्हणले, "घोडी कवाच तयार हाय गं. मीच न्हाय. बारका हुतो, तवा बापानं नव्या घोड्यावर दाव्यानं बांदलं मला, पडू नये म्हणून. घोडं उधळलं. मला पडताबी येईना. तवापासनं लगाम धरून नवरदेवाच्या म्होरं चाललो, वर कवा चढलो न्हाय." तांब्या खाली ठिवला. "अस्लमला म्हाईत न्हाय."

मी सातवी नापास, मला जास्त काय कळत न्हाय. पर भ्या कळतंय. चिमीला सासूबाईंकडं दिली, दाराला कडी लावाय सांगितली आन माघारी आली.

"लगाम कुटं धरायचा?"

चाचांनी लगाम माझ्या हातात दिला. मग म्हणले, "हितं, तोंडाजवळ. वढू नगंस, नुसता धर."

घोडीचा गरम श्वास माझ्या मनगटावर. मी डोळं मिटून घेतलं. रिकीब वाजली, खोगीर करकरलं, मग सगळं गप झालं.

"बसलो का गं मी?" वरनं हळू आवाज आला.

मी एक डोळा उगडला. "बसला की, चाचा."

"मग बोलत ऱ्हा," म्हणले. "काईबी बोल. पर सोडू नगंस."