भिंगरीवरील देखरेख

मूल जन्माला घालायला कुणाची परवानगी लागत नाही, परंतु मुलावर लक्ष ठेवायचं तर यंत्रणा लागते. हे सत्य भिंगरीच्या वडिलांना उमगलं त्या दिवसापासून त्या घरात एक पापणीसुद्धा नोंदीशिवाय लवली नाही.

भिंगरी आठ वर्षांची. तिचं लक्ष एका जागी ठरत नसे. एका पायात मोजा घालून दुसरा शोधायला निघाली, की थेट गच्चीवर मांजराशी बोलताना सापडे. शाळेतल्या बाईंनी वर्षभर दम धरला आणि मग मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी तीन भेटींत नीट तपासून एक गोळी लिहून दिली, रोज न्याहारीनंतर घ्यायची. जाता जाता म्हणाल्या, "भूक, झोप आणि मूड, एवढ्यावर जरा लक्ष ठेवा. महिन्याने या."

भिंगरीची एकच चौकशी होती. गोळी घेतली की गोष्ट शेवटपर्यंत ऐकता येईल का? आजवर तिने एकाही गोष्टीचा शेवट ऐकला नव्हता. राक्षस मेला की नाही, हे तिला इतर मुलांकडून कळे, आणि मुलं खोटं सांगत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक येईल.

'जरा लक्ष ठेवा' म्हणताना समोर कोण बसलंय, हे त्यांनी पाहायला हवं होतं. वडील सरकारी लिफ्ट-तपासनीस. आई विमा कंपनीत दावे पडताळायची. माणूस गेला आहे यावर तिचा पहिल्या अर्जात कधीच विश्वास बसला नव्हता. अशा दोघांनी 'जरा' लक्ष ठेवायचं म्हणजे गवयाने जरा गुणगुणायचं. शेजाऱ्यांची झोप गेलीच म्हणून समजा.

त्याच संध्याकाळी कामाची वाटणी झाली. सकाळपाळी आईकडे: भूक, चिडचिड, नजर. संध्याकाळपाळी वडिलांकडे: बडबड, शांतता (दोन्ही लक्षणंच), बूट काढण्याची पद्धत. सुट्टीचे दिवस आत्याकडे, कारण तिला मूल नव्हतं, म्हणजे तिचं निरीक्षण निःपक्षपाती. (आत्याला याचा राग आला. तोही टिपून ठेवण्यात आला.)

पहिल्याच आठवड्यात गोळी आपले गुण दाखवू लागली. भिंगरीने पानातलं गाजर टाकलं: भूक मंदावणे. (गाजर ती जन्मापासून टाकते, पण पूर्वी सहज टाकायची, आता विचार करून टाकते, असं आईचं मत पडलं.) एकटीच हसली: अकारण हास्य. वडिलांच्या विनोदावर हसली नाही: भावनिक बधिरता. पडताळणीसाठी तोच विनोद शेजाऱ्यांना ऐकवला, तेव्हा त्यांच्यातही हेच लक्षण आढळलं. पण शेजारी कोणती गोळी घेतात, याची माहिती मिळू शकली नाही. "माझ्याकडे का बघताय?" असं तिने विचारलं: संशयी वृत्ती. झोपेची तपासणी डोळ्यांवर टॉर्च मारून होई, आणि प्रत्येक तपासणीत मुलगी जागी आढळली.

महिना भरत आला तेव्हा असं दिसलं, की सत्तर टक्के लक्षणं कुणी पाहत असतानाच उमटतात. उरलेली तीस टक्के पाहायला कुणी नसल्यामुळे अंदाजाने धरली. गोष्टीचं म्हणाल तर राजपुत्र विहिरीत उतरायला आणि भिंगरी बाल्कनीत जायला एकच गाठ पडत होती. म्हणजे तोटे एकोणतीस, फायदा शून्य.

वडिलांना मात्र मनापासून भीती वाटू लागली होती. ही गोळी आपल्या पोरीला हळूहळू पुसून टाकेल आणि तिच्या जागी एक शहाणी, गप्प मुलगी ठेवून जाईल, असं त्यांना रोज रात्री टॉर्च विझवताना वाटे. गोळी बंद करायची, हे ठरवूनच ते सहकुटुंब दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी एकोणतीस लक्षणं शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, "आज गोळी किती वाजता दिली?"

वडिलांनी आईकडे पाहिलं. आईने वडिलांकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही देत होता ना?"

"मी? मी निरीक्षणावर होतो."

यात त्यांचा दोष नव्हता. तपासनिसाने लिफ्टचं बटण स्वतः दाबायचं नसतं, कारण मग तपासायचं कुणी? दावा पडताळणाऱ्याने धनादेश लिहायचा नसतो, हेही तितकंच खरं. आत्या तर केवळ सुट्टीची होती. गोळी देणं हे इतकं किरकोळ काम होतं, की ते कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

"ती फ्रिजवर आहे," खुर्चीत गरगर फिरता फिरता भिंगरी म्हणाली. "मी रोज विचारायचे, गोळी कधी सुरू करायची म्हणून."

हे खरं होतं. लक्षण क्रमांक सतरा: एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे.

डॉक्टरीणबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी उद्यापासून गोळी द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी खात्याची शिस्त मोडून ती स्वतःच्या हाताने दिली. पंधरवड्याने एका संध्याकाळी भिंगरी त्यांच्या शेजारी बसली आणि बसूनच राहिली. राजपुत्र विहिरीत उतरला, वर आला, राक्षस मेला. तिने एक मोठा श्वास सोडला.

"बाबा, तो मेला हे त्याच्या आईला कुणी सांगितलं?"

"कुणाच्या आईला?" वडील दचकून म्हणाले. ते तिच्या पापण्या मोजत होते.

"बाबा, तुमचं गोष्टीकडे लक्षच नाही."

वाचकहो, वडिलांना हसू नका. ही कथा वाचताना आपणही मध्येच उठून मूल काय करतंय ते पाहून आलात, आणि परत आल्यावर कुठवर वाचलं होतं ते न सापडल्याने चार ओळी मागे गेलात. गोळी मुलांसाठी आहे, आपल्याला मिळणार नाही.