कोरेअण्णांच्या बदल्या

कोरेअण्णांनी जन्मात फुटबॉलची एक मॅच पाहिली नव्हती, आणि फुटबॉलवर त्यांच्याइतकं बोलणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नव्हता. ऑफिस सुटल्यावर ते रोज मैदानाच्या कडेनं सायकल हातात धरून चालत जायचे. आत पोरं बॉल लाथाडत असायची. अण्णा मान म्हणून वळवायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "अण्णा, जरा थांबून बघू की." तर म्हणाले, "पळापळ काय बघायची? पळापळ एसटी स्टँडवर पण दिसती. टीम कागदावर बघायची असती."

कागदावरची ती टीम म्हणजे कलकत्त्याचा एक मोठा क्लब. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसे अण्णा त्या क्लबाचं नाव घ्यायचे नाहीत. 'आपली टीम' म्हणायचे. कलकत्ता त्यांनी पाहिलेलं नव्हतं, बंगाली येत नव्हतं, आणि मासळी तर सोडाच, पण अंडं दिसलं तरी हा लिंगायत गृहस्थ रस्ता बदलायचा. मग टीम 'आपली' कशी? विचारलं की अण्णा चष्मा पुसायला घ्यायचे. स्टेशनवरच्या पेपरवाल्याकडं कलकत्त्याचा एक इंग्रजी पेपर तीन-चार दिवस शिळा होऊन यायचा. एकच प्रत. ती अण्णांची.

आमचं ऑफिस जिल्ह्याच्या शिक्षण खात्याचं. अण्णा तिथं हेडक्लार्क, आणि प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या त्यांच्या टेबलावर. मी बार्शीहून नवा चिकटलेला, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव 'बार्शीकर' एवढंच. कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकच पालुपद असायचं, "कागदावर काय हाय ते बोल." पंखा बंद पडला, तरी आधी दुरुस्तीचा कागद कुठंय ते विचारणार, मग घाम पुसणार.

आता माणसानं एखाद्या टीमचा नाद करावा, काही हरकत नाही. पण अण्णांनी त्या टीमची आस्थापना उघडली होती. प्रत्येक खेळाडूची एक वही, सरकारी सेवापुस्तकासारखी आखलेली. नाव, रुजू झाल्याची तारीख, आधीचा क्लब, आणि शेवटी गोपनीय शेरा. या वह्या स्वतःच्या पदरच्या, सरकारी कागद नाही, हे ते न विचारता सांगायचे. मी चोरून एकदा शेरे वाचले. गोलकीपर: 'वर्तणूक समाधानकारक. उंच बॉलबाबत निष्काळजी. समज देण्यात यावी.' राइट आउट: 'चपळ आहे, परंतु ज्येष्ठ सहकाऱ्यांस बॉल देत नाही.' एकाचा गुडघा दुखावला होता, तर त्याच्यापुढं, 'दोन महिने गैरहजर. डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडलेले नाही.' कलकत्त्याच्या त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल की सोलापुरात आपल्यावर ठपका आहे!

गोल किती झाले याच्याशी अण्णांना कर्तव्य नव्हतं. टीम फायनल हरली त्या दिवशी ते मजेत पान खात होते. पण तिकडं खेळाडूंनी क्लब बदलायचा मोसम आला, की माणूस पार पेटायचा. कोण आला, कोण गेला, कुणाची जागा रिकामी! एकदा पेपरात आलं, की दुसऱ्या क्लबानं एका फॉरवर्डला सही होईपर्यंत तीन दिवस कुठल्याशा घरात लपवून ठेवला. आम्ही सगळे 'अरे बापरे' म्हणालो. अण्णा थंड. "त्यात काय नवल? बदलीची ऑर्डर घेऊन आपला शिपाई शाळेत गेला, की आपले मास्तर मागच्या दारानं पसार होत्यात न्हवं? ऑर्डर हातात पडली न्हाय, तर बदली झाली न्हाय."

आणि ते सरकारचं प्रकरण! अण्णांची मातृभाषा कन्नड, त्यामुळं मराठीतली लिंगं त्यांच्या तोंडात शिरली की त्यांच्या परस्पर बदल्या व्हायच्या. एका सकाळी ते घाम पुसत आत आले आणि मटकन खुर्चीत बसले. "गेलं! सरकार गेलं!"

त्या दिवसांत सरकार जाणं ही काही अशक्य गोष्ट राहिली नव्हती. सगळे टाइपरायटर एकदम थांबले.

"राज्याचं का सेंटरचं?" कुणीतरी विचारलं.

"सेंटरचं की! आठ वर्षं सेंटर संभाळलं, आणि एका सहीत गेलं."

शिपायानं स्टूलावर चढून भिंतीवरचा पंतप्रधानांचा फोटो सोडवायला घेतला. साहेब केबिनमधून बाहेर आले. "अहो कोरे, रेडिओवर तर काहीच नाही."

"रेडिओवर कशाला सांगत्यात साहेब? पेपरात शेवटच्या पानावर आलंय. सरकार. आपल्या टीमचा सेंटर हाफ. फोडला तिकडच्यांनी."

साहेब आत गेले. फोटो मात्र वाकडाच राहिला, त्याचा दुरुस्तीचा कागद कुणी काढला नाही.

हसण्याचं सोडा, पण अण्णांचं एक मानलं पाहिजे. आमच्या बदल्यांच्या मोसमात ते कुणाचं काही घ्यायचे नाहीत. एप्रिल-मेचं ते सोलापूरचं ऊन, आणि त्या उन्हात गुरुजी लोक आंब्याच्या पाट्या घेऊन उभे. पाटी आली तशी परत. ज्येष्ठतेची यादी लावायची, नंबरानं वर सरकायचं, बस्स. आणि त्या यादीत दर साली एक नाव असायचं: श्रीमती एम. व्ही. कोरे, नातेपुते. मुक्काम सोलापूर मिळावा, कारण पती तेथे नोकरीस.

म्हणजे अण्णांची बायको. अण्णांनी लग्न केलं तेच चाळिशीत, आणि केलं ते जिल्ह्याच्या पार टोकाला, नातेपुत्याच्या शाळेतल्या बाईंशी. आठ वर्षं बाई तिकडं, अण्णा इकडं. मूलबाळ नाही. शनिवारी दुपारी शेंगाचटणीचा डबा घेऊन अण्णा एसटीत बसायचे, आणि रविवारी दुपारी परतीच्या गाडीत. सुट्ट्या लागल्या की बाई अक्कलकोटकडं खेड्यात, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी. तिथंही अण्णा रविवारचेच पाहुणे. गेल्या साली म्हातारबा वारले तेव्हा ती सेवा संपली, पण नातेपुतं संपलं नाही.

मी चिडवायचो. "काय अण्णा, अख्ख्या जिल्ह्याच्या बाया तुम्ही नवऱ्याजवळ पोचवता, आणि स्वतःची तेवढी टपालात अडकली?"

"नंबर सातवा हाय तिचा. कागदावर काय हाय ते बोल."

सातव्याचा चौथा झाला, चौथ्याचा दुसरा. आणि त्या साली बाईंचा नंबर पहिला लागला. शहरातल्या शाळेत एक जागाही रिकामी झाली. कुणाला सांगायला नको, की कुणाचे पाय धरायला नकोत, नियमानं सरळ. यादी साहेबांकडं वर गेली, आणि अण्णा बदलले. त्यांनी आपल्या दोन खोल्यांना चुना दिला. भांड्यांची मांडणी घेतली. मला घेऊन बाजारात गेले आणि आरसा घ्यायला एक तास लावला. "केवढा घेऊ रे? बाया केवढ्या आरशात बघत्यात?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी पण सडाच.

त्याच आठवड्यात आपल्या टीमची बातमी आली. लेफ्ट बॅक मित्रा, दहा वर्षांचा जुना, अण्णांच्या वहीत एकही प्रतिकूल शेरा नसलेला एकमेव माणूस, टीम सोडून आपल्या गावाकडच्या कुठल्याशा बारक्या क्लबात गेला. खालच्या डिव्हिजनमध्ये. म्हणे, आता घराजवळ राहायचंय.

अण्णा संतापले. "अवनती! आपल्या हातानं अवनती! घरचा भात मिळतो म्हणून माणूस पायरी उतरतो व्हय? खुळं हाय हे!" लाल शाईनं त्यांनी शेरा मारला, 'निर्णय अविचारी.'

दुसऱ्या दिवशी यादी खाली आली. पहिल्या नंबरावर आडवी रेघ. वर साहेबांच्या अक्षरात दुसऱ्याच बाईंचं नाव. दोन वर्षांची नोकरी, आणि एका पुढाऱ्याची पुतणी. शिपायानं यादी अण्णांच्या पुढ्यात ठेवली आणि तो लगबगीनं पाणी आणायला गेला. अण्णांनी ती दोनदा वाचली.

मी तरातरा त्यांच्या टेबलाशी गेलो. "अण्णा, लिहा वरती! नियम दाखवा त्यांना!"

"सही झालीया."

"झाली असू दे की!"

"सही झाली म्हंजी तेच कागदावर हाय, बार्शीकर."

आणि त्यांनी मशीनमध्ये तीन कागद, दोन कार्बन घातले, आणि बायकोचं नाव नसलेली ती यादी स्वतः टाइप केली. एक चूक नाही. मला त्या माणसाची अशी चीड आली म्हणून सांगू! आंब्याच्या पाट्या परत करणारा हा धर्मराज, आणि स्वतःच्या बाईसाठी एक ओळ लिहवत नाही? मी बोलून गेलो, "तुमच्यापेक्षा तो मित्रा शहाणा. त्याला निदान आपलं घर कुठं आहे ते तरी कळलं."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसताच हातात धरला. मला लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. पण शब्द गेला होता.

दोन दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर हातानं लिहिलेला एक कागद ठेवला. "हे टाइप कर. आपला अर्ज आपण टाइप करू न्हाय." मी वाचला. माळशिरसच्या ऑफिसात साध्या क्लार्कची जागा रिकामी आहे, तिथं विनंतीवरून बदली मिळावी. हेडक्लार्कपदावरचा आणि ज्येष्ठतेवरचा हक्क मी राजीखुशीनं सोडत आहे. माळशिरसहून नातेपुतं म्हणजे एसटीनं अर्ध्या-पाऊण तासाची वाट, म्हणजे घर नातेपुत्यात करून नोकरी रोज जाऊन-येऊन.

"अण्णा, इतक्या वर्षांची नोकरी आहे ही."

"ठाऊक हाय. तू टाइप कर."

मी टाइप केलं. तीनदा चुकलो.

अर्ज तासाभरात मंजूर झाला. नियम तोंडपाठ असलेला माणूस आपल्या पायांनी जातोय म्हटल्यावर साहेबांना कसली हरकत? ऑफिसात आठवडाभर थट्टा चालली, की अण्णांना ऊन लागलं. त्या थट्टेत मी नव्हतो, असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी होतो. दुसऱ्या कुणी चालू करायच्या आत मीच चालू करायचो.

तरी स्टँडवर पोचवायला मीच एकटा गेलो. ट्रंका टपावर चढल्या. अण्णा खिडकीजवळची जागा धरून पुन्हा खाली उतरले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "नातेपुत्यात तो पेपर येत नसेल. आता आपल्या टीमचं काय?"

"न्हाय येत. राहू दे." मग म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा बाईला तिकडं ठेवून आलो न्हवं, तवा खोलीवर जावंच वाटंना. संध्याकाळची वेळ. स्टेशनावर जाऊन बसलो. वाचायला ह्येच एक शिल्लक होतं. खेळातलं काय कळतंय मला? पण त्यात एक यादी होती. कोण कुठनं आलं, कोण कुठं गेलं. ते तेवढं कळलं. मग रोज जायला लागलो. संध्याकाळ लई मोठी असती रे एकट्याला."

आठ वर्षांच्या संध्याकाळी, आणि त्यांतली तीन वर्षं मी समोर बसून दात काढत होतो.

कंडक्टरनं घंटी दिली. अण्णा पायरीवर चढले, आणि परत खाली उतरून त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता, त्या उन्हात.

"बार्शीकर, एक इचारू? हसणार न्हाय न्हवं?"

"नाही हसणार, अण्णा."

"आठ वर्षांत एका रात्रीच्या वर आमी दोघं एका घरात राहिलो न्हाय. रविवारचा मी बाईला ठाऊक हाय. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसणारा. सोमवारचा, मंगळवारचा तिनं कुटं बघितलाय? रोज रोज मी घरात दिसाय लागलो, तर तिला काय वाटंल?" "जमंल न्हवं रे आमचं?"

पन्नाशीला टेकलेला माणूस, लग्न न झालेल्या पोराला विचारत होता. मी म्हणालो, "जमेल की अण्णा. न जमायला काय झालं? बाई घेतील सांभाळून."

"तिचं काय न्हाय," अण्णा म्हणाले, "ती घेती. मला माझंच भ्या वाटतंय."

गाडी हलली होती. मागं बघत बघत ते चढले.